प्रवक्त्यानं लिहिलेलं उत्तर

दादासो मधाळ्यानं इंग्रजी पेपर बंद केला, त्याला आता सात महिने होत आले. शिरोली फाट्यावरच्या टपरीवाल्याला त्यानं एका सकाळी सांगून टाकलं, उद्यापासून माझा अंक ठेवू नकोस. टपरीवाल्याला वाटलं, दर वाढले म्हणून असेल. कारखान्यातल्या लोकांना वाटलं, आता डोळ्यांना झेपत नसेल. बायकोला वाटलं, सुटले एकदाची. खरं कारण एकट्या दादासोला माहीत होतं आणि ते दुसऱ्या कुणाला कधी कळायचं नाही, अशी त्याची समजूत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं ते याच समजुतीवर.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत दादासो स्टोअर सांभाळतो. एकतीस वर्षं झाली. ग्रीसचे डबे, हातमोजे, बेअरिंग, नटबोल्ट, साखळ्या, कामगाराला जे काही लागेल ते चिठ्ठी देऊन दादासोकडून न्यायचं. चिठ्ठीवर सुपरवायझरची सही पाहिजे. सही नसली की दादासो चिठ्ठी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवणार आणि म्हणणार, साहेबाची सही झाली की ये. या नियमातून त्यानं सख्ख्या मेव्हण्यालाही कधी सोडलं नव्हतं. पापभीरू माणूस, असं सगळे म्हणायचे आणि त्यालाही ते खरं वाटायचं.

इंग्रजीचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते चार वर्षांपूर्वी. पोरगी क्रांती पुण्यात नोकरीला लागली. एकदा तिच्या ऑफिसातून घरी फोन आला. पलीकडची बाई इंग्रजीत काहीतरी विचारत होती आणि दादासो घामाघूम होऊन नुसतं ‘यस मॅडम, यस मॅडम’ करत होता. क्रांती काही बोलली नाही. पण पुढं ऑफिसात घरचा नंबर द्यायची वेळ आली तेव्हा तिनं बापाचा नंबर काढून मामाचा दिला. मामा बी.ए. झालेला. हे दादासोला कळलं आणि चांगलंच झोंबलं.

दहावीला इंग्रजीनं त्याला दोनदा आपटलं होतं. त्यानं व्याकरणाचं पुस्तक आणलं, तर तिसऱ्या पानावर डुलकी लागायची. क्रांतीनं मोबाइलवर शिकायची सोय करून दिली. त्यातली बाई ‘हॅलो, माय नेम इज’ यापुढं जायला तयार नव्हती. मग त्याची त्यालाच वाट सापडली. आपल्याकडचा माणूस एक वेळ जेवायचं विसरेल, राजकारण विसरायचा नाही. दादासो रोज रात्री टीव्हीवर मराठी बातम्या ऐकायचा. कोण फुटलं, कोण कुठल्या हॉटेलात जाऊन बसलं, कुणी कुणाला शिव्या दिल्या, सगळं तोंडपाठ. सकाळी तीच बातमी इंग्रजी पेपरात वाचायची. काय घडलंय ते आधीच ठाऊक, त्यामुळं शब्द कितीही अवघड असला तरी त्याचा अर्थ आपोआप पदरात पडायचा. आमदार पळाले हे रात्री ऐकलेलं असलं की सकाळी छापलेला ‘डिफेक्टेड’ दुसरं काय असणार? शब्द वहीत उतरवायचा, दिवसभर घोकायचा. दोनशे पानी तीन वह्या भरल्या.

आणि शिकलेलं पोटात ठेवायचा त्याचा स्वभाव नव्हता. कँटीनच्या आमटीत डाळ शोधावी लागली की दादासो जाहीर करायचा, ‘कँटीन इज अंडर द स्कॅनर.’ हातमोजे संपले आणि पोरं ओरडायला लागली की सांगायचा, ‘सिच्युएशन इज अंडर कंट्रोल.’ बायकोनं भांडणात दोन दिवस अबोला धरला तर शेजाऱ्याला म्हणायचा, आउटसाइड सपोर्ट आहे, सरकार पडलेलं नाही. कारखान्यानं त्याचं नाव ठेवलं प्रवक्ता. हाक मारताना ‘ओ प्रवक्तं’ आणि साहेबांसमोर मधाळे. त्याला ते आवडायचं. त्याच्या या इंग्रजीत एक भोक होतं, पण ते कुणाला दिसत नव्हतं. ‘जरा सरका’, ‘पाणी कुठं मिळेल’, ‘माझं पोट दुखतंय’ असलं काही त्याला इंग्रजीत सांगता यायचं नाही. पेपरात तसलं येतच नाही. दादासोला सरकार पाडता येत होतं, पाणी मागता येत नव्हतं.

त्याच्याबरोबर डबा खायला रोज बसायचा तो जोतीराम आळवेकर. पन्हाळ्याकडचा, वयानं आठ-नऊ वर्षांनी लहान, बोलणं मोजकं. एकोणीस वर्षं तो क्रेन चालवत होता. शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन आणि तिच्या केबिनमध्ये वर बसलेला जोतीराम. दादासो इंग्रजी झाडायला लागला की बाकीचे हसायचे. जोतीराम हसायचा नाही, लक्ष देऊन ऐकायचा. ‘आमच्या शिवानीला सांगतो घरात,’ म्हणायचा. शिवानी त्याची मुलगी, नर्सिंगला होती. असा ऐकणारा भेटला की माणूस जरा जास्तच बोलतो. दादासोही बोलायचा.

गेल्या मार्चमध्ये जोतीराम एक चिठ्ठी घेऊन स्टोअरला आला. क्रेनच्या हूकला लावायच्या साखळीची एक कडी ताणून लांबट झाली होती, नवी साखळी पाहिजे होती. सुपरवायझर पृथ्वीराजला त्यानं तोंडी दोनदा सांगितलं होतं, आता लेखी आणलं होतं. सही मात्र नव्हती. दादासोनं पृथ्वीराजला फोन लावला. तो म्हणाला, नवी साखळी म्हणजे तपासणी आली, निम्मी पाळी वाया जाणार, महिनाअखेर आहे, एप्रिलमध्ये बघू. दादासोनं चिठ्ठी खिळ्याला अडकवली आणि जोतीरामला नेहमीचं वाक्य सांगितलं. नवी साखळी त्याच्या पाठीमागच्या मांडणीवरच पडलेली होती, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली.

तिसऱ्या दिवशी कडी उघडली. ओतीव लोखंडी भागांनी भरलेली पेटी वरून सुटली ती थेट नव्या मशीनच्या पॅनेलवर आली. जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती म्हणून खाली कुणी नव्हतं, नाहीतर एक-दोन माणसं गेलीच होती. सगळे तिकडं पळाले. जोतीराम वर केबिनमध्येच बसून राहिला. त्याला शिडी उतरवेना. त्या गलक्यात दादासो स्टोअरच्या दारात उभा होता. त्यानं खिळ्यावरची चिठ्ठी काढली, फाडली आणि तुकडे ग्रीसच्या रिकाम्या डब्यात घातले.

का फाडली, हे त्याला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात आपोआप गेला, म्हणाला असता. पण हात असा आपोआप जात नाही. चिठ्ठी सापडली असती तर पहिला प्रश्न त्यालाच आला असता: साखळी धोक्याची आहे हे तुला लेखी कळलं होतं, तर तीन दिवस काय केलंस? निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, क्रांतीचं लग्न व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी नवी साखळी क्रेनला लागली. पृथ्वीराजची सही दोन मिनिटांत मिळाली.

आठ दिवसांनी जोतीरामला कारणे दाखवा नोटीस आली. कंपनीच्या एचआर खात्यात नुकत्याच पुण्याहून आलेल्या आदिती मॅडमच्या सहीची, सगळी इंग्रजीत, तीन दिवसांत उत्तर द्या म्हणून. जोतीराम ती घेऊन उचगावला दादासोच्या घरी आला. दादासोनं वाचून अर्थ सांगितला: तुझ्या निष्काळजीपणानं नुकसान झालं, तुझ्यावर कारवाई का करू नये ते सांग. जोतीरामनं एकच विचारलं, उत्तर मराठीत लिहिलं तर चालंल का. आता मागं वळून बघताना दादासोला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. त्याच वेळी हो म्हणाला असता तर जोतीरामनं स्वतःच्या अक्षरात साधं लिहिलं असतं: साखळी खराब होती, दोनदा सांगितलं, चिठ्ठी दिली. चार ओळींचं काम.

दादासो म्हणाला, ‘‘खुळा हाईस काय? मराठीत दिलंस तर मॅडम बाजूला ठेवतील. इंग्रजीला वजन असतंय. मी लिहितो की.’’

त्यानं वही काढली. त्या महिन्यात पेपरात एक बातमी गाजत होती. कुठल्याशा राज्यात पूल पडला आणि तिथल्या मंत्र्यानं नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. पेपरानं मंत्र्याला डोक्यावर घेतलं होतं. असा माणूस विरळा, म्हणून अग्रलेख लिहिला होता. दादासोनं त्यातली वाक्यं लाल शाईनं उतरवून ठेवली होती. त्यानं जोतीरामला समजावलं की मोठी माणसं अशीच बोलतात. जो दुसऱ्याकडं बोट दाखवतो तो लहान होतो. जो जबाबदारी घेतो त्याच्यापुढं समोरचा वरमतो. आणि कोऱ्या कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आय टेक फुल मॉरल रिस्पॉन्सिबिलिटी फॉर द अनफॉर्च्युनेट इन्सिडेंट.’ खाली आणखी तीन वाक्यं, तशीच भारदस्त. अर्थ मराठीत सांगितला: झाल्या घटनेची संपूर्ण नैतिक जबाबदारी मी घेतो.

‘‘आणि साखळीचं?’’ जोतीरामनं विचारलं.

दादासोनं पेन उचललं, खरंच उचललं. पण कडी ताणली, लांबट झाली, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते त्याला येईना. तीन वह्यांमध्ये तसला एक शब्द नव्हता. ते येत नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. हेही आता कबूल करायला पाहिजे. शब्द येत नव्हता हे खरं, आणि यायला नको होता हेही तेवढंच खरं. तो म्हणाला, ‘‘साखळीचं घातलं तर दुसऱ्यावर ढकलल्यागत दिसंल. ते चौकशीत तोंडी बघू.’’

जोतीरामनं त्याच्याकडं थोडा वेळ बघितलं. ‘‘तुमी म्हणतासा तर तसं,’’ म्हणाला आणि मराठीत सही केली.

मे महिन्यात चौकशी लागली. बाहेरून एक वकील चौकशी अधिकारी म्हणून आले होते. कामगाराला आपल्या बाजूनं बोलायला एक सहकारी घेता येतो. जोतीरामनं दादासोचं नाव दिलं. वातानुकूलित खोली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. दादासोनं क्रांतीनं दिवाळीला घेतलेला शर्ट घातला होता. सुरुवातीलाच ते उत्तर वाचलं गेलं. अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून विचारलं, या कागदावरची सही तुमची का? जोतीराम व्हय म्हणाला. मजकूर समजला होता का? मराठीत सांगितला होता, म्हणाला. कुणी दबाव आणला होता का? नाही. मग कामगारानं स्वतःच जबाबदारी स्वीकारलेली आहे, असं त्यांनी शेजारच्या माणसाला टाइप करायला सांगितलं. पृथ्वीराजची साक्ष पाच मिनिटांत झाली. साखळीबद्दल आपल्याकडं तक्रार आली नव्हती, असं तो खाली बघून बोलला.

अधिकारी दादासोकडं वळले. कामगाराच्या वतीनं तुम्हाला काही सांगायचंय का?

तोंडी बघू म्हणाला होता, ती हीच वेळ. जोतीराम टेबलावरच्या आपल्या हातांकडं बघत होता. दादासो उभा राहिला. चिठ्ठी आली होती आणि मी ती फाडली, एवढे शब्द होते, मराठीतच होते, सात वर्षांच्या पोरालाही बोलता आले असते. आदिती मॅडम त्याच्याकडं बघत होत्या. दादासो म्हणाला, ‘‘वी हॅव फुल फेथ इन द इन्क्वायरी.’’ आमचा चौकशीवर पूर्ण विश्वास आहे. आणि खाली बसला. मॅडमना बहुतेक त्याचं इंग्रजी आवडलं. त्या जराशा हसल्या.

जूनमध्ये जोतीराम बडतर्फ झाला. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या माणसाला, त्यात असला शेरा घेऊन आलेल्याला, कोण क्रेनवर बसवणार? चार-पाच कारखाने फिरून झाले. शेवटी सांगली रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात तो वॉचमन लागला. एकोणीस वर्षं सात-सात टन वजन गादीवर ठेवल्यागत अलगद खाली टेकवणारा माणूस आता वऱ्हाडाच्या गाड्यांना मागं घ्या, पुढं घ्या करतो.

दादासोला तो एकदा तिथंच भेटला. कुणाच्या तरी लग्नाला दादासो गेला होता. खाकी गणवेश, गळ्यात शिट्टी. दादासोला वाटलं, हा तोंड फिरवील, फिरवलं तर बरं होईल. जोतीराम उलट पुढं आला, हात धरला, क्रांतीचं विचारलं, जेवून जावा म्हणाला. जिलेबी पानात तशीच टाकून दादासो मागच्या दारानं निघून आला. एवढ्या चांगुलपणानं वागतो म्हणजे या माणसाला काही कळलंच नसेल, असं त्यानं मनाला समजावलं. चिठ्ठी साहेबाकडं गेली असेल, तिथंच गहाळ झाली असेल, असं त्याला वाटत असणार. मन एवढ्यानं ऐकेना. झोप उडाली, रक्तदाब वाढला, बायकोनं दोनदा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा.

जुलैच्या एका सकाळी टपरीवर पेपर उघडला तर पहिल्याच पानावर तो पूलवाला मंत्री. फेटा बांधलेला, गळ्यात हार. मंत्रिमंडळात परत घेतलं होतं, आधीपेक्षा बरं खातं देऊन. दादासोनं बातमी शेवटपर्यंत वाचली. एकही शब्द अडला नाही, वहीत उतरवायला नवीन काही नव्हतं. त्यानं पेपरची घडी केली, चहा तसाच ठेवला आणि टपरीवाल्याला सांगितलं, उद्यापासून माझा अंक नको.

कामगार न्यायालयात जोतीरामनं दावा लावलाय, हे त्याच्या कानावर आलं होतं. जोतीरामचे वकील म्हणत होते, कागद आपल्याच सहीचा, साखळीबद्दल सांगितलं होतं असं म्हणणारा एकही साक्षीदार नाही, असं असलं तर दावा उभा राहायचा नाही. कँटीनमध्ये लोक हे बोलत होते तेव्हा दादासो डबा धुवायला उठून गेला. निवृत्तीला तेव्हा नऊ महिने उरले होते. नऊ महिने गप्प बसायचं, मग कंपनी आपलं काय वाकडं करणार आहे, मग सांगू. असा हिशेब तो मनात करायचा आणि दावा काय नऊ महिने आपल्यासाठी थांबणार आहे का, हा प्रश्न बाजूला सारायचा.

गेल्या रविवारी दुपारी आक्काताई आली. जोतीरामची बायको, उंचपुरी, ठसठशीत कुंकू लावणारी, हातात कापडी पिशवी. दादासोच्या बायकोनं तिला आत घेतलं, चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग आक्काताईनं पिशवीतून टाचलेले चार कागद काढले. दाव्याला कंपनीनं दिलेलं उत्तर होतं. ‘‘इंग्रजीत हाय, भावजी,’’ ती म्हणाली. ‘‘तेवढं वाचून मराठीत सांगा.’’

दादासोनं चष्मा लावला. परिच्छेदांना आकडे घातलेले होते. पहिला: जोतीराम आळवेकर अमुक सालापासून कंपनीत होते. त्यानं सांगितलं. दुसरा: अमुक तारखेला अपघात झाला, इतकं नुकसान झालं. तेही सांगितलं. तिसरा: कामगारानं लेखी उत्तरात संपूर्ण नैतिक जबाबदारी घेतली. हे सांगून तो पाणी प्यायला. चौथ्यावर नजर गेली. त्यात लिहिलं होतं की साखळी बदलण्यासाठी कसलीही मागणी अपघातापूर्वी स्टोअर विभागाकडं कधीही आली नव्हती.

दादासो पाचव्यावर गेला. सहावा, सातवा. सबब दावा फेटाळावा. झालं, म्हणून त्यानं चष्मा काढला.

आक्काताई मांडी घालून ऐकत बसली होती. इंग्रजी तिला येत नव्हतं. आकडे येत होते. ‘‘चौथं ऱ्हायलं, भावजी,’’ ती म्हणाली.

दादासोनं चष्मा परत लावला. आत बायकोनं भांडी घासायला घेतली होती, त्याचा आवाज येत होता. मग त्यानं ते वाक्य वाचलं आणि मराठीत सांगितलं, एक शब्दही न गाळता.

‘‘म्हंजी चिठ्ठी आलीच न्हवती म्हणत्यात,’’ आक्काताई म्हणाली.

‘‘आलती,’’ दादासो म्हणाला. ‘‘माझ्याकडं आलती. मी फाडली, वैनी.’’

इतके महिने छातीवर धोंडा ठेवल्यागत झालेलं ते वाक्य बाहेर पडलं तरी हलकं काही वाटलं नाही. आक्काताई दचकली नाही, रडली नाही. पदर सारखा करून म्हणाली, ‘‘म्हायती हाय. त्यांनी वरनं बघितलतं. क्रेनवर बसल्यालं हुतं ते तवा.’’

जोतीराम सुरुवातीपासून जाणून होता. नोटीस घेऊन घरी आला तेव्हा जाणून होता. साखळीचं काय, असं विचारलं तेव्हा जाणून होता. सही केली, चौकशीत ‘मराठीत सांगितला होता’ म्हणाला, लग्नात हात धरून जेवून जावा म्हणाला, सगळं जाणून. दादासोनं कसंबसं विचारलं, मग तो बोलला का नाही.

‘‘मी बी तेच इच्यारलं,’’ आक्काताई म्हणाली. ‘‘म्हणालं, दादाची दीड वर्षं ऱ्हाईल्यात, पोरीचं लगीन व्हायचंय. त्यो आपणहून बोलला तर बोलंल, न्हाईतर जाऊं दे. मला शिवानीच्या गळ्याची आन घातली, भाईर बोलायचं न्हाई म्हणून. तुमी चौकशीत हुबं ऱ्हायलासा तवा त्यांना वाटलतं, आता बोलतोय. घरात येऊन म्हणालं, दादा भ्याला गं.’’

‘‘भ्यालो,’’ दादासो म्हणाला. एवढंच म्हणता आलं. खेद आहे, गैरसमज झाला, तसा उद्देश नव्हता, असली पन्नास वाक्यं तो चार वर्षांत शिकला होता. त्यातलं एकही त्या बाईसमोर तोंडातून काढायची त्याला लाज वाटली.

आक्काताईनं कागद गोळा केले, पिशवीत घातले. उठताना म्हणाली, ‘‘हे वाचायला शिवानी हाय की आमच्यात. परवाच वाचलंय तिनं. म्हणाली, आई, चौथं खोटं हाय का? मी काय सांगू पोरीला? म्हणून तुमच्याकडं आल्ते. तुमी चौथं वाचतासा का न्हाई ते बघायला.’’

चौथं तिनं न सांगताच वाचायला हवं होतं, हे दादासोला तेव्हा कळत होतं. आता त्याचा उपयोग नव्हता. ती दाराशी जाऊन थांबली.

‘‘मला त्यांनी आन घातल्या, म्हणून मी कोर्टात बोलायची न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘तुमाला कुणी घातल्याली न्हाई. अठरा तारीख हाय. अकरा वाजता.’’

‘‘येतो मी, वैनी,’’ दादासो म्हणाला.

‘‘बघू,’’ म्हणाली आणि चपला घालून ती निघून गेली.